मागणाऱ्याच्या उंबरठ्यावर

‘गरजवंताला अक्कल नसते’ ही म्हण आपण सर्वांनीच ऐकलेली आहे आणि बहुधा थोड्याशा उपहासाने वापरलेलीही आहे. अडलेला माणूस वाटेल त्या अटी मान्य करतो, वाटेल त्या व्याजाने कर्ज काढतो, वाटेल त्याच्या पाया पडतो, असा तिचा अर्थ. परंतु या म्हणीला दुसरी एक बाजू आहे आणि तिचा विचार आपण क्वचितच करतो. गरजवंताला जर ‘नाही’ म्हणता येत नसेल, तर त्याच्यापुढे अट ठेवणाऱ्याची जबाबदारी किती वाढते! अक्कल गरजवंताची गेली असेल. देणाऱ्याची तर शाबूत असते ना?

हा विचार आमच्या मनात आला तो एका अर्जाच्या निमित्ताने. २०२० सालच्या टाळेबंदीत आमच्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांची चूल मंदावली. हॉटेले बंद, रिक्षा बंद, लग्नसमारंभ बंद; रोजच्या कमाईवर जगणाऱ्यांचे हाल तर विचारूच नका. सुस्थितीतील कुटुंबांनी उदार हस्ते मदत केली व चर्चच्या सभागृहात धान्याची पाकिटे तयार होऊ लागली. मदत खऱ्या गरजूंनाच मिळावी, अशी देणगीदारांची रास्त अपेक्षा होती. म्हणून समितीने एक अर्ज तयार केला व आम्ही त्यावर संमतीची सही केली. अर्जात चौदा प्रश्न होते. घरात कमावते किती, घर स्वतःचे की भाड्याचे, दुचाकी आहे काय, सोने गहाण आहे काय, घरात कोणाला दारूचे व्यसन आहे काय, कुटुंब रविवारच्या मिस्साला नियमित येते काय, आणि शेवटी, घरात राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव, वय व राहण्याचे कारण.

एका हॉटेलात बावीस वर्षे इमानाने नोकरी केलेले एक गृहस्थ अर्ज भरता भरता या शेवटच्या प्रश्नापाशी थांबले. त्यांनी कागदाची घडी घातली, आमच्याजवळ आले व हलक्या आवाजात म्हणाले, “फादर, बाकीचं सगळं लिहिलंय. पण मुलगी सासरहून परत का आलीये, तेही इथं लिहायचं का?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तो अर्ज वाचणारी दोन तरुण मुले त्यांच्याच आळीतली होती.

त्या दिवसापासून एक प्रश्न आम्हाला सोडीत नाही. जो हात देतो त्याला विचारण्याचा अधिकार किती? हा प्रश्न आमच्या धर्मग्रामापुरता नाही. ज्या देशांनी बेकारांना सरकारी तिजोरीतून भत्ता देण्याची प्रथा पाडली, त्या देशांत तो फार मोठ्या प्रमाणावर व फार तीव्रतेने उभा राहिला. त्यांपैकी इंग्लंडचा अनुभव सर्वांत बोलका आहे.

१९३१ सालची गोष्ट. जागतिक मंदीने इंग्लंडमधील कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी आणि जहाजबांधणीचे कारखाने ठप्प झाले होते. बेकारांची संख्या वाढत वाढत १९३३ च्या आरंभी तीस लाखांच्या घरात पोहोचली. कामगारांनी व मालकांनी भरलेल्या विम्याच्या वर्गणीतून बेकारभत्ता देण्याची पद्धत तेथे आधीपासून होती. परंतु इतक्या मोठ्या बेकारीचा भार तिला पेलणे शक्य नव्हते. त्या वर्षी सत्तेवर आलेल्या राष्ट्रीय सरकारने काटकसरीसाठी पुरुष कामगाराचा आठवड्याचा भत्ता १७ शिलिंगांवरून १५ शिलिंग ३ पेन्सवर आणला. शिवाय विम्याचा हक्काचा भत्ता २६ आठवड्यांपुरताच मर्यादित केला. त्यानंतरही ज्याला काम मिळाले नाही, त्याला मदत हवी असेल तर स्थानिक साहाय्य समितीपुढे उभे राहून आपली गरज सिद्ध करावी लागे. ऐपतीच्या या चौकशीलाच ‘मीन्स टेस्ट’ म्हणतात. नोव्हेंबर १९३१ मध्ये ती अमलात आली.

ही चौकशी एकट्या अर्जदाराची नव्हती. संपूर्ण घराची होती. एका छपराखाली राहणाऱ्या प्रत्येकाची मिळकत मोजली जाई. मुलाची मजुरी, मुलीचा गिरणीतला पगार, म्हाताऱ्या आईचे निवृत्तिवेतन, खोली भाड्याने दिली असल्यास तिचे भाडे, पोस्टात साठवलेली पुंजी, हे सारे बेरजेत येई आणि त्या प्रमाणात बेकार बापाचा भत्ता कापला जाई. तपासनीस घरी येई, चौकशा करी, नजर फिरवी. घरातले सामान विकून खा, असे सुचवले गेल्याच्या आठवणी त्या पिढीने पुढे अनेक वर्षे सांगितल्या. शिवाय या साहाय्य समित्या जुन्या गरीब-कायद्याच्या वारसदार होत्या. ज्या कायद्याखालच्या गरीबखान्याच्या नावानेही इंग्लंडमधील कष्टकऱ्याला शरम वाटे, त्याच दारात आयुष्यभर राबलेल्या कारागिराला आता उभे राहावे लागले.

याचा परिणाम काय झाला? पैशांची बचत झाली असेल. पण घरे फुटली. कमावता मुलगा घरी राहिला तर बापाचा भत्ता कमी होतो. मग तो घर सोडून दुसरीकडे भाड्याने राहू लागला, किंवा राहतो असे दाखवू लागला. जॉर्ज ऑर्वेल यांनी ‘द रोड टू विगन पियर’ या १९३७ च्या पुस्तकात या चौकशीचा सर्वांत क्रूर परिणाम म्हणून कुटुंबांच्या या ताटातुटीकडेच बोट दाखवले आहे. म्हाताऱ्या आजोबांची गणना भाडेकरूत होऊन नातवंडांच्या तोंडचा घास कमी होतो, म्हणून आजोबांनीच घर सोडावे, असेही घडे. शेजाऱ्यांची चुगली करणारी निनावी पत्रे कचेरीत येऊ लागली. ज्या आळीत एकमेकांच्या घरची भाजी जात होती, त्या आळीत एकमेकांवर पाळत सुरू झाली.

या काळाच्या नोंदींत एक दिलासा देणारी गोष्टही सापडते. काही ठिकाणच्या समित्यांनी, विशेषतः रॉदरहॅम व डरहॅम येथील समित्यांनी, आपल्या लोकांची अशी झडती घेण्यात हात आखडता घेतला. त्या फार सौम्य वागतात म्हणून १९३२ च्या अखेरीस सरकारने त्यांचे अधिकार काढून घेऊन तेथे आपले आयुक्त नेमले. नियमावर बोट ठेवण्यापेक्षा माणसाकडे पाहणारे अधिकारी त्या काळातही होते, एवढे यावरून कळते. पुढे १९३४ च्या कायद्याने एक केंद्रीय मंडळ स्थापन झाले. १९३५ च्या आरंभी त्याचे नवे दर लागू होताच दक्षिण वेल्समध्ये प्रचंड मोर्चे निघाले व सरकारला माघार घ्यावी लागली. अखेर १९४१ साली, युद्ध चालू असताना, सबंध घराची मिळकत मोजणारी ही चौकशी कायद्याने रद्द झाली. नंतरच्या वर्षी विल्यम बेव्हरिज यांचा सुप्रसिद्ध अहवाल आला. या बेव्हरिज यांचा जन्म १८७९ साली आपल्याच उपखंडात, बंगालमधील रंगपूर येथे झाला होता. विमेदाराला भत्ता हक्काने मिळावा, त्यासाठी त्याच्या ऐपतीची चौकशी होऊ नये, हे त्यांच्या योजनेचे एक मूलतत्त्व होते. मीन्स टेस्टच्या आठवणी जनतेच्या मनात अजून ओल्या होत्या, म्हणूनही त्या तत्त्वाचे एवढे स्वागत झाले असावे.

येथे वाचक विचारतील, “फादर, मग काही विचारूच नये काय? जो येईल त्याला द्यावे काय?” हा आक्षेप खरा आहे व तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

सार्वजनिक पैसा कोणा एकाचा नसतो. त्यात विधवेची दमडीही असते. जो चोरून काम करतो आणि बेकार म्हणून भत्ताही घेतो, तो सातव्या आज्ञेचा भंग करतो. त्याने घेतलेले परत करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. त्याच्यामुळे खऱ्या गरजूचा वाटा कमी होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे खऱ्या गरजूकडे सारा समाज संशयाने पाहू लागतो. तेव्हा भत्ता देणाऱ्याने काही विचारणे हा अन्याय नव्हे. ते त्याचे कर्तव्यच आहे.

पहिल्या शतकातील ख्रिस्तसभाही विचारीत होती. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात विधवांच्या नोंदवहीचे नियम आहेत. विधवेचे वय साठाहून कमी नसावे. तिला मुले-नातवंडे असतील तर त्यांनी तिचा सांभाळ करावा. मंडळीवर त्यांचा भार पडू नये, म्हणजे जिला खरोखर कोणी नाही तिला आधार देता येईल, असा त्या नियमांचा आशय आहे. ही एक प्रकारची ऐपतीची चौकशीच नव्हे काय? घरच्या माणसांनी घरच्यांना पाहावे, हे संत पौलाच्या नावाने आलेले शिक्षण आपण आजही मानतो. १९३१ सालीच, मीन्स टेस्ट लागू होण्याआधी सहा महिने, पोप अकरावे पायस यांनी ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ हे परिपत्र काढून शिकवले होते की, जे काम लहान घटक स्वतः करू शकतो ते मोठ्या घटकाने आपल्या हाती घेऊ नये. मग ‘मुलगा कमावतो ना, त्याने बापाला पोसावे’ असे म्हणणाऱ्या सरकारचे काय चुकले?

यावर आम्ही बराच विचार केला. आम्हाला वाटते ते असे. मुलाने बापाला सांभाळावे हे कर्तव्य देवाने मुलाला सांगितले आहे. ते वसूल करण्याचा मक्ता सरकारी तपासनिसाला दिलेला नाही. मुलगा आपणहून पगार बापाच्या हाती ठेवतो तेव्हा बापाची मान ताठ राहते आणि मुलालाही मोठे झाल्याचे समाधान मिळते. तोच पगार परका माणूस कागदावर मांडून बापाच्या भत्त्यातून वजा करतो, तेव्हा बाप मुलाचा आश्रित होतो आणि मुलगा बापावरचा दंड होतो. रक्कम तीच, नाते मात्र पार बदलून जाते. लहान घटकाला जपावे हे पोपमहोदयांचे म्हणणे होते. या चौकशीने लहान घटकाचे नाव घेतले आणि तो घटकच मोडला.

तेव्हा प्रश्न ‘विचारावे की न विचारावे’ असा नाही. काय विचारावे, कोणाविषयी विचारावे आणि ऐकलेल्याचे काय करावे, असा तो आहे. या बाबतीत आम्हा धर्मगुरूंना एका जागी फार जुनी शिस्त लावून दिलेली आहे. ती जागा म्हणजे पापनिवेदनाची पेटी.

पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो. तो न्यायाधीशही असतो व वैद्यही. निदान केल्याशिवाय औषध कसे देणार? पण सेमिनरीत आम्हाला पहिल्यापासून बजावले जाई की, समोरचा माणूस गुडघ्यांवर आहे हे विसरू नका. जे निर्णयासाठी आवश्यक आहे तेवढेच विचारा. कुतूहल हा तेथे अपराध आहे. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदासंहितेतील ९७९ वे कलम सांगते की, धर्मगुरूने प्रश्न विचारताना शहाणपण व विवेक बाळगावा, पश्चात्तापी व्यक्तीचे वय व परिस्थिती ध्यानात घ्यावी आणि पापात सहभागी असलेल्या दुसऱ्या व्यक्तीचे नाव विचारू नये. हा शेवटचा नियम उगाच आलेला नाही. अठराव्या शतकात पोर्तुगालमध्ये काही धर्मगुरू असे नाव विचारीत, प्रसंगी ते सांगितल्याशिवाय पापमुक्ती देत नसत. १७४५ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी या प्रथेचा कडक शब्दांत निषेध केला. हेतू चांगला असेल, दुसऱ्या पाप्याला सुधारण्याचा असेल. तरीही गुडघ्यांवर आलेल्याकडून तिसऱ्याचे गुपित काढून घेणे ख्रिस्तसभेने अमान्य ठरवले. आणि तेथे ऐकलेले मरेपर्यंत, मरणाची भीती असली तरी, ओठांवर आणायचे नाही.

या शिस्तीतून आम्हाला तीन कसोट्या मिळतात व त्या भत्त्याच्या कचेरीलाही लावता येतील.

पहिली कसोटी ही की, ज्या उत्तराने निर्णय बदलणार नाही, तो प्रश्न विचारू नये. बेकाराला भत्ता द्यायचा तर त्याची नोकरी केव्हा व कशी गेली, तो काम शोधतो आहे काय, मिळाल्यास करू शकतो काय, सध्या काही कमावतो काय, एवढे कळणे प्राप्त आहे. मदत ऐपतीवर ठरत असेल तर त्याची बचतही विचारावी लागेल. परंतु तो कोणत्या देवळात जातो, संध्याकाळी कोणाबरोबर बसतो, घरातील खुर्ची कोठून आली, यांवर त्याची भूक अवलंबून नाही. आमच्या अर्जातला मिस्साचा प्रश्न या कसोटीवर टिकत नाही, हे आम्ही खाली मान घालून मान्य करतो. भुकेला माणूस मिस्साला न येताही भुकेलाच असतो.

दुसरी कसोटी तिसऱ्या माणसाविषयीची आहे. अर्जदार ज्यांच्या नावाने मदत मागतो, त्या पत्नीविषयी व मुलांविषयी विचारणे योग्य आहे. ज्यांच्यासाठी तो काही मागत नाही त्यांची गुपिते त्याच्याकडून मागू नयेत. कारण ती त्याची नसतातच. नीतिशास्त्रात आपण ‘नैसर्गिक गुपित’ म्हणतो ते हेच: जे उघड झाल्यास दुसऱ्याला दुःख किंवा अपकीर्ती येईल ते, वचन दिलेले नसले तरी, झाकून ठेवण्यास आपण बांधलेले असतो. घरात माणसे किती, हे धान्य मोजण्यासाठी हवे. मुलगी माहेरी का आली, हे कशासाठी हवे?

तिसरी कसोटी मौनाची. जे ऐकले ते त्या कामापुरतेच राहावे. एका टेबलावर सांगितलेली गोष्ट दुसऱ्या टेबलावर, तेथून आळीत, तेथून लग्नाच्या मांडवात पोहोचू नये. त्याच कायदासंहितेचे २२० वे कलम प्रत्येकाच्या सुकीर्तीचे व खाजगी जीवनाचे रक्षण सांगते. भत्ता घेतला म्हणजे माणूस या कलमाबाहेर जात नाही.

साम्य येथे संपते, हेही सांगितले पाहिजे. पेटीत धर्मगुरू पश्चात्ताप्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. तपासनिसाला तसे नेहमीच करता येत नाही. त्याला कागद पाहावे लागतात, मालकाकडे पडताळा घ्यावा लागतो. पडताळ्याला आमची हरकत नाही. पण सांगितलेले खरे आहे काय हे पाहणे निराळे, आणि न सांगितलेले काही सापडते काय म्हणून घर धुंडाळणे निराळे.

या दोहोंमधली रेषा ओलांडली की काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. मदत बेकारभत्त्याची नसून निराधार मुलांच्या मातांना मिळणारी होती; पण प्रश्न तोच. जानेवारी १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातील अलामीडा परगण्यात एका रविवारी पहाटे उजाडण्यापूर्वी अधिकाऱ्यांच्या जोड्या या मातांच्या घरी पाठवण्यात आल्या. एकाने पुढच्या दारी जायचे, दुसऱ्याने मागच्या. खाटा, कपाटे, न्हाणीघर पाहायचे आणि घरात कोणी पुरुष दडला आहे काय हे शोधायचे. बेनी मॅक्स पॅरिश या समाजसेवा अधिकाऱ्याने या कामास नकार दिला व त्याची नोकरी गेली. १९६७ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. सरकारचे म्हणणे होते की, बायांनी स्वतःच दार उघडले. न्यायालयाने ते मानले नाही. ज्या दारात नकार दिला तर उद्याची भाकरी जाईल अशी भीती उभी आहे, त्या दारातली संमती खरी संमती नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. आपली म्हण न्यायमूर्तींनी ऐकलेली नसेल. तिचे मर्म मात्र त्यांना उमगले होते.

सर्वच न्यायालयांना ते पटले असे नाही. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कमधील एका मातेच्या दाव्यात सहा विरुद्ध तीन मतांनी असे ठरवले की, आगाऊ सूचना देऊन केलेली गृहभेट ही झडती नव्हे. ती नको असेल तर मदत नाकारली जाईल, एवढेच. भिन्न मत नोंदवणारे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मात्र एक बोचरा प्रश्न केला. पीक न घेण्याबद्दल सरकारकडून पैसे घेणाऱ्या धनाढ्य शेतकऱ्याच्या घरातही आपण असेच शिरलो असतो काय? हा प्रश्न सर्व काळांत विचारण्याजोगा आहे. सरकारी तिजोरीतून केवळ गरीबच घेतो असे नाही. कारखानदाराला सवलत मिळते, व्यापाऱ्याला करमाफी मिळते, शाळांना अनुदान मिळते, आमच्या संस्थांनाही मिळते. त्यांच्याकडून हिशेब मागतात. त्यांच्या शयनगृहाची चौकशी कोणी करीत नाही.

विवाहाच्या पावित्र्याविषयी ख्रिस्तसभा आग्रही आहे आणि आम्ही त्यापासून तसूभरही ढळत नाही. परंतु पहाटेच्या अंधारात खाटेखाली बॅटरी मारून कोणाचा विवाह पवित्र झाल्याचे आम्हाला ठाऊक नाही. पाप असेल तर त्याला स्वतःहून येण्यासाठी पेटी आहे. भुकेच्या बदल्यात ते वदवून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. ‘कॅथलिक धर्मशिक्षण’ ग्रंथ (१९९२) स्पष्ट सांगतो की, ज्याला सत्य जाणण्याचा हक्क नाही त्याच्यापुढे ते उघड करण्यास कोणी बांधलेला नाही. म्हणजे गप्प राहण्याची मुभा आहे. खोटे बोलण्याची मात्र नाही. पण गप्प राहिल्याने भत्ता जात असेल तर गरिबाने काय करावे? तो खोटे बोलतो. मुलगा दुसरीकडे राहतो असे सांगतो. पाप त्याचे आहेच. परंतु ज्याने अनावश्यक प्रश्न विचारून त्याला त्या कड्यावर नेऊन उभे केले, त्याचा वाटा देवाच्या हिशेबात लिहिला जाणार नाही काय?

आता तर दारावर तपासनीस येण्याचीही गरज उरलेली नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ पासून काही वर्षे भत्तेधारकांची आयकर खात्यातील वार्षिक मिळकत यंत्राने पंधरवड्यांत सारखी वाटून पाहिली जाई व ती त्यांनी सांगितलेल्या मिळकतीशी जुळली नाही की वसुलीची नोटीस निघे. चार महिने काम व आठ महिने बेकारी अशा माणसाची मिळकत सारखी वाटली तर हिशेब चुकणारच. तरीही आपण लबाड नाही हे त्या माणसानेच जुन्या पगारपत्रकांनी सिद्ध करावे, अशी अपेक्षा होती. २०१९ मध्ये ही पद्धत बेकायदा असल्याचे सरकारनेच न्यायालयात मान्य केले. २०२० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार वसुलींचे पैसे परत करण्याची घोषणा झाली आणि २०२३ साली शाही आयोगाने आपल्या अहवालात या साऱ्या प्रकरणावर कठोर ठपका ठेवला. १९३१ चा तपासनीस निदान समोर बसत असे. त्याला बाळाचे रडणे ऐकू येई. यंत्र काहीच विचारीत नाही व काहीच ऐकत नाही. म्हणून न विचारता गोळा केलेली माहितीही वरच्या तीन कसोट्यांना उतरली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आपल्या महाराष्ट्राने या बाबतीत एक निराळी वाट शोधली होती, तिचे स्मरण येथे उचित ठरेल. १९७२ च्या भीषण दुष्काळात ज्या रोजगार हमी योजनेने लक्षावधींना जगवले, आणि वि. स. पागे यांच्या चिंतनातून आलेल्या ज्या योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले, तिने मजुराला ‘तुझ्या घरात काय आहे’ असे विचारले नाही. ‘काम करतोस काय’ एवढेच विचारले. उन्हात खडी फोडायला जो येतो त्याची गरज त्याच्या हातावरच्या फोडांनी सिद्ध होते, हा त्यामागचा साधा विचार. २००५ साली केंद्राने केलेल्या कायद्यातही हेच सूत्र होते. या वाटेलाही मर्यादा आहेत. वृद्ध, आजारी, गरोदर बाई खडी फोडू शकत नाही, तिला अन्य मार्गानेच आधार दिला पाहिजे. पण गरिबाचे दार न ठोठावताही त्याची गरज ओळखता येते, एवढे तरी या योजनेने दाखवून दिले.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या परिपत्रात बेकारांना निर्वाहापुरते साहाय्य देण्याचे कर्तव्य एका मोठ्या तत्त्वाशी जोडले आहे. पृथ्वीवरील वस्तू सर्वांच्या उपयोगासाठी आहेत, हे ते तत्त्व. ते मनावर घेतले तर देणाऱ्याची भूमिकाच बदलते. आपण आपले काही देतो आहोत असे वाटते, तेव्हा आपण मालकाच्या सुरात प्रश्न विचारतो. त्याचेच त्याला पोहोचवतो आहोत असे कळले, की आपला सूर पोस्टमनचा होतो. पोस्टमन नाव-पत्ता विचारतो, सही घेतो. पत्रातला मजकूर विचारीत नाही.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्या दिवशी ते अर्ज खिशात घालून रिकाम्या हाताने परतले. संध्याकाळी आम्ही स्वतः धान्याचे पाकीट घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ते घेतले, आम्हाला बसायला खुर्ची दिली, मुलीने चहा आणला. कोणी काही विचारले नाही, कोणी काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही अर्जातले नऊ प्रश्न खोडले आणि उरलेले पाच ठेवले. ते अर्ज आमच्याशिवाय कोणी वाचायचे नाहीत असेही ठरवले. टाळेबंदी पुढेही चालू राहिली. त्या गृहस्थांनी मात्र पुन्हा कधी अर्ज केला नाही. त्यांची गरज संपली असेल, असे मानण्याचे धैर्य आम्हाला होत नाही.

आपल्या धर्मग्रामांत संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद घरोघर जातात, शाळेच्या फीसाठी अर्ज येतात, आजाऱ्यांसाठी मदत मागितली जाते. आपल्यापैकी पुष्कळजण कधी ना कधी त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतात. पुढच्या खेपेस बसाल तेव्हा समोरच्या कागदावरचा प्रत्येक प्रश्न आधी स्वतःला विचारून पाहा आणि त्याचे उत्तर आपल्या शेजाऱ्याच्या हाती लिहून द्याल काय, ते ठरवा. जो देणार नाही, तो प्रश्न खोडून टाका.